जखम आमची, पुरावाही आमचाच?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

लोक मला कवी म्हणून ओळखतात, पण आमच्या गावात माझी पहिली ओळख 'अर्ज लिहून देणारा पोरगा' अशी होती. हा उद्योग मला चाचांमुळं लागला. १९८४ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक खाकी लिफाफा आला. पत्र इंग्रजीत होतं आणि घरात इंग्रजी शिकणारा मी एकटाच. नुकती आठवीची परीक्षा दिली होती. चाचा ओट्यावर पोत्याला पाठ टेकून बसले होते. लिफाफा माझ्या हातात देऊन म्हणाले, "पढके बता, उनो क्या लिखे."

मी वाचलं. म्हणजे अक्षरं लावली. अर्थ लागेना, तेव्हा गुरुजींच्या घरी जाऊन शब्दकोश मागून आणला. पत्रात एक वाक्य होतं, ते मला आजही झोपेत उठवलंत तरी म्हणून दाखवता येईल : 'नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल टू नॉर अ‍ॅग्रव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस'. अर्धा तास शब्दकोशाशी झगडून मी चाचांना सांगितलं, की साहेब म्हणतात, तुमचं दुखणं फौजेच्या नोकरीमुळं झालेलं नाही आणि त्या नोकरीमुळं ते वाढलेलंही नाही. म्हणून पेन्शन नाही.

चाचा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो फिर कायसे हुआ? उनकू पूछ."

मी लिहिलेला पहिला अर्ज तो. त्यात एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर आम्हाला पुढं तीस वर्षांत कुणी दिलं नाही.

चाचांची हकिगत थोडक्यात सांगतो. ते १९७४ साली एकोणिसाव्या वर्षी भरती झाले. आमचा सातारा जिल्हा, इथं भरतीला जाणं म्हणजे शेजारच्या गावी बाजाराला जाण्याइतकं सवयीचं. मिलिटरी अपशिंगे तर नावातच फौज घेऊन बसलेलं गाव. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातून गेलेले ४६ जण परत आले नाहीत. चाचा ड्रायव्हर झाले. १९८१ च्या ऑक्टोबरात लडाखच्या रस्त्यावर त्यांची लॉरी घसरली. जोझिला घाट बर्फानं बंद होण्याआधीचे दिवस होते ते. त्या काळी घाट एकदा बंद झाला की चार-सहा महिने उघडत नसे. तेवढ्या दिवसांचं धान्य, रॉकेल, औषधं सगळं त्याआधी वर पोचवायचं. सगळे घाईत. लॉरी कड्याच्या बाजूला न जाता डोंगराच्या बाजूला आपटली, म्हणून चाचा वाचले. पाठीवर पडले. काही दिवस इस्पितळात काढले आणि पुन्हा गाडीवर बसले. वर्षभरात डावा पाय बधिर व्हायला लागला. १९८३ मध्ये डॉक्टरांच्या बोर्डानं त्यांना तपासलं, अपंगत्व तीस टक्के ठरवलं आणि घरी पाठवलं. नोकरी भरली नऊ वर्षं. दहा भरली असती तर निदान आजारपणाची पेन्शन मिळाली असती. नऊ वर्षांना एकरकमी ग्रॅच्युइटी. तीत फुफूचं लग्न झालं आणि घरावर पत्रे आले.

आता दुखणं फौजेतलं नाही, हे कुणी आणि कशावरून ठरवलं? फौजेत लढाईबाहेर कुणाला इजा झाली, तर त्याच्या युनिटानं एक फॉर्म भरायचा असतो, 'आयएएफवाय २००६' नावाचा. जवान त्या वेळी ड्यूटीवर होता की नव्हता, हे त्यात कमांडिंग ऑफिसरनं लिहायचं. इजा मोठी असेल तर चौकशी बसते. चाचांच्या बाबतीत हा फॉर्म भरलाच गेला नाही, की भरून कुठं हरवला, ते अल्ला जाणे. मी त्या घाईतल्या माणसांना दोष देत नाही. बर्फ पडायच्या आत हजारो लोकांचं जेवण वर पोचवणाऱ्याला एका ड्रायव्हरच्या पाठीचा कागद करायचं सुचलं नसेल. पण बोर्डासमोर चाचा उभे राहिले तेव्हा पाठ होती आणि कागद नव्हता. बोर्डानं लिहिलं, हा दोष शरीराच्या घडणीतला आहे.

फौजी मंडळींत ह्या शेऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा मिळून एक शब्द झालेला आहे : 'नाना'. "माझं नाना झालं," असं जवान म्हणतात. आमच्या घरी नाना म्हणजे आईचे वडील, फार मायेचा माणूस. त्यामुळं हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आलं होतं.

पुढं कॉलेजात गेलो. बी.ए.ला इतिहास घेतला. डोक्यात चाचांचं प्रकरण होतंच. त्यामुळं बखरी आणि कागदपत्रं वाचताना इतर मुलं लढाया वाचत, मी लढाई संपल्यावरची पानं वाचत असे. जिंकल्यावर जखमींचं काय केलं?

सभासदाच्या बखरीत, अफजलखानाच्या प्रसंगानंतर, त्याचं उत्तर सापडलं. हा कृष्णाजी अनंत सभासद शिवाजी महाराजांच्या पदरी होता आणि राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्यानं जिंजीला बखर लिहिली. तो सांगतो की १६५९ च्या त्या लढाईत जे जखमी झाले, त्यांना माणशी दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन महाराजांनी दिले. कुणाला किती, हे जखम बघून ठरलं. जे मेले त्यांचे मुलगे चाकरीत घेतले, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना नवऱ्याचं अर्धं वेतन लावून दिलं. बखर म्हणजे काही हिशेबाची वही नव्हे, हे मला कळतं. तरीही लिहिणाऱ्याला ही गोष्ट नोंदवावीशी वाटली, हे महत्त्वाचं. आणि पद्धत बघा. जखमीला समोर आणलं, जखम पाहिली, रक्कम दिली. पेशवाईत ह्याच रिवाजाचं 'बालपरवेशी' झालं. लढाईत पडलेल्याच्या पोराबाळांना दरसाल काही नेमून देत. शब्द मूळचा फारसी परवरिश. आमच्या दादीच्या तोंडी हा शब्द रोजचा होता. पेशव्यांच्या दप्तरात तो भेटला तेव्हा मला ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं.

कंपनी सरकारनं जखमेचं खातं उघडलं. त्याची सुरुवातही मजेदार आहे. प्लासीचा मीर जाफर मरताना क्लाईव्हला पाच लाख रुपये ठेवून गेला. त्या पैशांतून १७७० मध्ये क्लाईव्हच्या नावाचा फंड निघाला, कंपनीच्या फौजेतल्या अपंग गोऱ्यांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी. पैसा बंगालच्या नवाबाचा आणि मलमपट्टी गोऱ्यांची! देशी शिपायांसाठी वेगळी सोय होती. डॉक्टर आणि अंमलदार ह्यांच्या समित्या बसत, शिपायाला बघत आणि 'इनव्हॅलिड' ठरवत. बिहारात भागलपूरच्या बाजूला अशा शिपायांना जमिनी देऊन वसवलेलंही आहे. म्हणजे जखम अजून बघत होते. फक्त बघणारा आता राजा नव्हता, समिती होती.

मग आलं पहिलं महायुद्ध. ह्यातला एक भाग आपल्या अगदी घरचा आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी फौज गेली तिचं नावच सहावी पुणे डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी होत्या, आणि ह्या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा इथं तुर्कांनी ह्या फौजेला वेढा घातला. जवळपास पाच महिने तो चालला. धान्य संपलं. गोरे घोड्याचं मांस खाऊ लागले, आपल्या बहुतेक शिपायांनी, हिंदूंनीही आणि मुसलमानांनीही, फार उशिरापर्यंत त्याला हात लावला नाही. भाजीपाला नाही. हिरड्या सडवणाऱ्या स्कर्व्हीनं माणसं पडायला लागली. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली आणि उरलेली माणसं वाळवंटातून कैदी म्हणून चालवत नेली.

कुतमधला शिपाई गावी परतला तर त्याच्या अंगावर जखम कुठली दाखवणार? गोळीचं भोक नाही, तलवारीचा वार नाही. दात गेलेत, पोट बिघडलंय, पाय सुजतात. रात्री ओरडून उठतो. हे युद्धानं झालं की त्याच्या नशिबानं? त्या महायुद्धात लाखो माणसं अशी घरी परतली आणि जगातल्या सगळ्याच सरकारांपुढं हा सवाल उभा राहिला. ब्रिटनमध्ये आधी म्हणत, अपंगत्व थेट नोकरीतूनच आलं असेल तर पेन्शन. मग नोकरीमुळं वाढलेलं दुखणंही धरू लागले. चाचांच्या पत्रातल्या त्या जोड-वाक्याचं कूळ हे असं पहिल्या महायुद्धातलं आहे. ते आलं ते शिपायाच्या बाजूनं, जास्त माणसं आत घ्यावीत म्हणून. आमच्या घरी पोचेपर्यंत त्याचं दार बंद झालं होतं.

आपल्याकडं १९१७ साली मुंबईच्या गव्हर्नरची बायको लेडी विलिंग्डन हिनं अपंग शिपायांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी शाळा मुंबईत काढली. ती पुढं खडकीला आली आणि तिथलीच झाली. पुण्यात १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र निघालं. १९७४ मध्ये खडकीला कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक केंद्र निघालं. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये पोहून सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, ते सोडा. मुद्दा असा, की चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला 'हे कायसे हुआ' असं कुणी विचारत नाही. चाचांची पाठ बाहेरून तुमच्याआमच्यासारखीच होती.

कायद्याच्या बाजूनं सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती १९४३ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना. ब्रिटनमध्ये ओरड झाली की आजारी शिपायानं पुरावे कुठून आणायचे? सगळे कागद तर सरकारजवळ! तेव्हा सरकारनं भूमिका उलटी केली. शिपायानं सिद्ध करायचं नाही. शंका असेल तर तिचा फायदा शिपायाला. अपिलं ऐकायला न्यायाधीश नेमले, त्यांतले एक डेनिंग. वकिलीची पोरं 'वाजवी शंका' म्हणजे काय हे शिकताना १९४७ चा मिलर खटला अजून वाचतात. तो खटला खुनाचा नव्हता, दरोड्याचा नव्हता. एका सैनिकाच्या पेन्शनचा होता. हे मला फार वर्षांनी एका वकिलानं सांगितलं, तेव्हा मी त्याला चहा पाजला होता.

स्वतंत्र भारतानं हीच समज आपल्या नियमांत ठेवली. १९६१ च्या सेना पेन्शन नियमावलीत १७३ वा नियम आहे. अपंगत्व वीस टक्के किंवा जास्त असलं आणि ते नोकरीमुळं झालेलं किंवा वाढलेलं असलं की पेन्शन. ते नोकरीमुळं आहे की नाही, हे ठरवायचं कसं, त्याचे नियम १९८२ साली आले. त्यांत तीन गोष्टी स्वच्छ सांगितल्या आहेत. भरतीच्या वेळी कागदावर काही आजार लिहिलेला नसेल, तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, आणि पुढं तब्येतीमुळं घरी पाठवावं लागलं तर ती नोकरीमुळंच बिघडली असं धरायचं. दावा करणाऱ्याला सिद्ध करायला सांगायचं नाही. वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यायचा, आणि प्रत्यक्ष फील्डवर असलेल्याला तर जास्तच सढळ हातानं.

नियम १९८२ चा. चाचा घरी आले १९८३ ला.

हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हीही कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. आलेल्या प्रत्येक पत्रात पुरावा मागितलेला असायचा आणि आम्ही पुरावा शोधायचो. एका कचेरीनं लिहावं, युनिटकडून आणा. युनिटनं लिहावं, इतके जुने कागद आमच्याकडं राहत नाहीत, इस्पितळाकडं बघा. इस्पितळानं लिहावं, मुदत संपलेलं रेकॉर्ड नियमाप्रमाणं नष्ट केलं आहे. मी एका शंभर पानी वहीत आवक-जावक लिहायला सुरुवात केली. पत्राची तारीख, जावक नंबर, रजिस्टरची पावती. गावात ही बातमी पसरली आणि आमच्या ओट्यावर माणसं यायला लागली. कुणाची सातबाऱ्यावरची नोंद, कुणाच्या विधवा सुनेचा पगार. मराठी गद्य मी पुस्तकांतून शिकलो असं मुलाखतीत सांगतो. खरं तर मी ते अर्जांतून शिकलो. दोन ओळींत म्हणणं मांडायचं, कारण तिसरी ओळ साहेब वाचत नाही.

चाचांबरोबर मी चार वेळा त्या मोठ्या कचेरीतही जाऊन आलो. एसटीनं पुणं, तिथून रेल्वेचा जनरल डबा. चाचांना बसवत नसे, ते दाराशी उभे राहत. एकदा तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं फाईल उघडली, चाचांकडं बघितलं, फाईल मिटली आणि हळूच म्हणाला, "फौजी साहब, आप सच बोल रहे हो, पर कागज नहीं बोल रहा." त्याच्याबद्दल माझ्या मनात आजही राग नाही. कारण मधल्या काळात मी स्वतः सरकारी नोकरीत लागलो होतो. कारकूनच झालो. 'पुरावा जोडलेला नाही, सबब अर्ज निकाली' हा शेरा मारायला किती सोपा असतो, आणि तो न मारण्यासाठी किती डोकं आणि किती धाडस लागतं, हे टेबलाच्या ह्या बाजूला बसल्यावर कळतं. मीही असे शेरे मारलेत. कुणाकुणाच्या घरात ते कुठल्या पोरानं शब्दकोश घेऊन वाचले असतील, कुणास ठाऊक.

१९९० नंतर चाचांनी विचारणं सोडलं. गावच्या स्टँडजवळ सायकलच्या पंक्चरचं दुकान टाकलं. ते काम खाली बसून करता येतं आणि पाठ दुखली की तिथंच आडवं होता येतं.

२०१३ च्या जुलैत मी पेपरात एक छोटी बातमी वाचली. धरमवीर सिंग नावाच्या एका जवानाचा खटला सुप्रीम कोर्टात निकाली निघाला होता. सिग्नल्समध्ये १९८५ ला भरती, नऊ वर्षांनी १९९४ ला फिट्‌सच्या आजारामुळं घरी, अपंगत्व वीस टक्के, आणि बोर्डाचा शेरा तोच, नोकरीशी संबंध नाही. उच्च न्यायालयात एका न्यायाधीशानं पेन्शन दिली, दोघांच्या पीठानं काढून घेतली. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती पटनायक आणि न्यायमूर्ती मुखोपाध्याय ह्यांनी २ जुलै २०१३ ला ती परत दिली. त्यांनी नवीन कायदा केला नाही. १९८२ चे नियम उघडले आणि त्यांत काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती, बोर्डानं आपल्या मताचं कारण दिलेलं नाही, सिद्ध करायची जबाबदारी जवानाची नाही. मी ती बातमी उभ्यानं वाचली. नऊ वर्षं. आमचीही नऊच.

तोपर्यंत जवानांसाठी वेगळं न्यायालयही झालं होतं. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा, उद्घाटन ऑगस्ट २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील ह्यांच्या हस्ते. त्याचं एक खंडपीठ मुंबईत. त्याआधी गावाकडच्या माजी सैनिकाला हायकोर्टाची पायरी चढावी लागे, आणि ती चढायला पाठ धड लागते. आम्ही वकील गाठला. वकील म्हणाले, तीस वर्षांचा उशीर आहे, पण पेन्शन न देणं ही दर महिन्याला नव्यानं घडणारी चूक मानतात, म्हणून दाद मागता येते. फक्त २००८ च्या एका निकालाप्रमाणं थकबाकी मागच्या तीन वर्षांचीच मिळेल. आणि घरातले सगळे कागद आणा.

चाचांची काळी पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी दादीचा बटवा होता आणि त्यात घडी घातलेलं एक फौजी पत्र. वर ५६ एपीओचा पत्ता, शिक्का ऑक्टोबर १९८१ चा. चाचांना तेव्हा उठून बसता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या नगरकडच्या एका जवानानं दादीला मराठीत लिहिलं होतं. गाडी पडली पण माणूस राहिला, पाठीला मार आहे, आईने काळजी करू नये, पैसे पुढच्या महिन्यात. मी तीस वर्षं मुलखभरच्या कचेऱ्यांत जो पुरावा शोधत होतो, तो माझ्या दादीनं, जिला वाचता येत नव्हतं, सांभाळून ठेवला होता. त्या पत्राचा इंग्रजी अनुवाद लागणार होता. तो मी केला. दोन रात्री लागल्या. आयुष्यात मी केलेला सगळ्यांत काळजीपूर्वक अनुवाद तो. 'माणूस राहिला' ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं ह्यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली.

२०१६ मध्ये निकाल लागला, चाचांच्या बाजूनं. मी तो अधाशासारखा वाचला. त्यात माझ्या अनुवादाचा एका ओळीनंही उल्लेख नव्हता. दादीच्या पत्राचाही नव्हता. लिहिलं होतं एवढंच, की भरतीच्या कागदांवर आजाराची नोंद नाही, सबब नियमाप्रमाणं अपंगत्व नोकरीमुळं आलं असं मानावं लागेल. म्हणजे पुरावा लागतच नव्हता. १९८४ च्या उन्हाळ्यातही लागत नव्हता. कवी म्हणून थोडा खट्टू झालो, पुतण्या म्हणून रडलो. आणि माझ्यातला कारकून म्हणाला, अरे, ह्यासाठी एकच पान वाचायचं होतं.

तीस टक्क्यांचे पन्नास झाले. त्याचाही इतिहास आहे. पन्नासच्या आतलं अपंगत्व पन्नास धरायचं, असा सरकारचा हुकूम जानेवारी २००१ चा, पण तो सरसकट सगळ्यांना देत नव्हते. १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सरकारची शेकड्यांनी अपिलं एकदम फेटाळली. चाचांना मी हे समजावलं तर म्हणाले, "मतलब तीस टका पीठ मेरी, और बीस टका कोर्ट की?"

ती शेकडो अपिलं सरकारनं आपल्याच अपंग जवानांविरुद्ध केलेली होती, हे लक्षात घ्या. जवान खाली जिंकायचा आणि सरकार वर जायचं. ह्याची लाज वाटलेले एक संरक्षणमंत्री झाले, ते गोव्याचे मनोहर पर्रीकर. २०१५ मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. तिनं त्याच वर्षी अहवाल दिला. अपंगत्वाच्या प्रकरणांत यांत्रिकपणे अपिलं करत राहण्यावर त्यात कडक शब्दांत लिहिलं आहे. पर्रीकर पुढं गोव्याला परत गेले आणि २०१९ मध्ये वारले. खटले चालू राहिले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. महालेखापालांच्या २०२३ मध्ये आलेल्या अहवालात दिसलं, की निवृत्त होताना अपंगत्वाची पेन्शन घेणाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत दुपटीच्या आसपास आहे, आणि त्यात रक्तदाब, मधुमेह असल्या आजारांचा वाटा मोठा आहे. लबाडी कुणीच करत नाही असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात नवे नियम आले आणि अपंगत्वाच्या रकमेचं नाव बदलून 'इम्पेअरमेंट रिलीफ' झालं. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यावर बरीच टीका केली. मला एवढंच वाटतं, की नियम आवळताना डोळ्यांपुढं लबाड अधिकारी असतो आणि गळ्याला फास बसतो तो लॉरीवरच्या ड्रायव्हरच्या. ज्याला कागद कसा करायचा ते ठाऊक असतं, त्याचा कागद नेहमीच पूर्ण असतो.

चाचा आता सत्तर वर्षांचे आहेत. दुकानात धाकटा मुलगा बसतो. संरक्षण खात्याच्या पेन्शनसाठी जी नवी संगणकी व्यवस्था आहे तिचं नाव 'स्पर्श'. नाव ठेवणारा कुणी माझ्यासारखाच कविता करणारा असावा. तीत वर्षातून एकदा जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. गेल्या खेपेला मी चाचांना तालुक्याच्या गावी घेऊन गेलो. यंत्रावर अंगठा ठेवला, उठेना. दुसरा ठेवला, तोही उठेना. पंक्चरचं सोल्युशन आणि कानस ह्यांनी इतक्या वर्षांत बोटांवरच्या रेघा खाऊन टाकल्यात. तिथला पोरगा मात्र हुशार होता. म्हणाला, "आजोबा, अंगठा राहू द्या. ह्या मोबाईलकडं बघा आणि डोळ्यांची उघडझाप करा."

चाचांनी केली. पोरगा म्हणाला, झालं.

चाचा उठले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्या पोराकडं बघितलं आणि विचारलं, "बस? पीठ नै देखते क्या?"